६ इंच गेले आणि बाथरूम मोठी झाली

काम संपलं, मिस्त्री हत्यारं घेऊन गेले आणि मी पहिलं काय केलं असेल तर टेप घेऊन आत गेले. आधीची मापं वहीत होतीच, साडेचार फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे २९ चौरस फुटांच्या जरासं वर. आता जमिनीपाशी रुंदी भरली बरोब्बर ४ फूट. म्हणजे इतकी तोडफोड, इतकी धूळ, दीड महिना घरात सगळ्यांचे चढलेले आवाज, आणि एवढं करून बाथरूम चक्क लहान झालीये! नवऱ्याला हाक मारून टेप दाखवली तर तो म्हणे परत मोज, चुकलं असेल. नाही चुकलं. ६ इंच गेलेत ते गेलेतच. आणि तरी जो कोणी आत जाऊन येतो तो बाहेर आल्यावर भिंतीच्या पलीकडे काय होतं ते बघायला जातो, शेजारची खोली आत घेतली की काय म्हणून.

हे लिहायचं कारण असं की सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात सगळं उलटं होतं. मला वाटायचं छोटी बाथरूम म्हणजे इंच वाचवायचे, सगळं छोटं छोटं आणायचं, छोटं बेसिन, छोटा आरसा, छोट्या टाइल्स, कोपऱ्यात बसणारं तिकोनी कपाट. मी तशी यादीपण केली होती. आज ती यादी बघून हसू येतं.

आधीची अवस्था सांगते. दार छोट्या भिंतीत, समोरच्या छोट्या भिंतीत खिडकी. डावीकडच्या लांब भिंतीला आधी बेसिन, मग कमोड, आणि खिडकीपाशी शॉवरची जागा, तिच्या कडेला ३ इंचांचा उंबरा आणि दांडीवर प्लास्टिकचा पडदा, जो गरम पाणी सोडलं की अंगाला येऊन चिकटतो. दार आत उघडणारं. त्यामुळे आत शिरायचं, बेसिन आणि दार यांच्या मधल्या फटीत पोट आत घेऊन उभं राहायचं, दार आपल्या पुढून फिरवून लावायचं, मग श्वास सोडायचा. वर ७ फुटांवर माळा. भिंतींना कमरेपर्यंत आकाशी टाइल्स, त्यावर निळ्या फुलांची बॉर्डर चारही बाजूंनी फिरवलेली, त्यावर पांढऱ्या टाइल्स. आणि उजेड म्हणजे दारावर एक बल्ब. खिडकीच्या काचेवर कुणीतरी कधीतरी फुलाफुलांचा कागद चिकटवलेला, तो पिवळा पडलेला.

सासूबाईंचं वय झालंय, गुडघे दुखतात, त्या एकदा त्या ३ इंचांच्या उंबऱ्याला अडखळल्या. पडल्या नाहीत, पडदा धरला, पडदा दांडीसकट हातात आला. त्या संध्याकाळी ठरलं की आता करायचंच.

पहिलं काम फुकटातलं होतं आणि सगळ्यात जास्त शिकवून गेलं. दाराच्या खालच्या कोपऱ्याला चिकटपट्टीने खडू लावला आणि दार हळूहळू पूर्ण उघडलं. जमिनीवर पांढरी कमान उमटली. दार २७ इंचांचं, म्हणजे तो पाव गोल जवळजवळ ४ चौरस फुटांचा होतो. २९ मधले ४! त्या कमानीच्या आत काहीच ठेवता येत नाही, उभंसुद्धा राहता येत नाही, ती जागा दाराने कायमची स्वतःच्या नावावर करून ठेवलेली. इतकी वर्षं मी बेसिनला शिव्या घालत होते.

सरकतं दार करायचं का यावर आठवडा गेला. दिसायला छान, पण त्याला कडेने फट राहते, आतला आवाज आणि वास बाहेर, आणि आमचं दार अगदी बैठकीच्या समोर. शेवटी साधंच दार बाहेर उघडणारं केलं, बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या कारण बाहेरचा स्विचबोर्ड दारामागे जात होता. बाहेर उघडण्याचा अजून एक फायदा मला मिस्त्रीकाकांनी सांगितला तेव्हा अंगावर काटा आला, आत कुणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणाऱ्या दाराला त्याच माणसाचं वजन अडतं आणि दार ढकलता येत नाही. आई, म्हणजे सासूबाई, ऐकत होत्या, म्हणाल्या, "मग हे आधी का नाही केलंत?" याला उत्तर नव्हतं.

मग पुठ्ठे. फ्रिजचं एक मोठं खोकं पडून होतं, त्यातून बेसिनचे तीन आकार कापले, कमोडचा एक, आणि चिकटपट्टीने भिंतीला लावून आम्ही तिघं दोन दिवस तसंच वापरत होतो. कागदावर १८ इंच आणि १३ इंच यात काही फरक वाटत नाही, पण रात्री झोपेत आत गेलं आणि कमरेला पुठ्ठा घासला की कळतो. खूप लहान, हात धुतला की पाणी जमिनीवर, असं ११ इंचांचं बेसिन आम्ही पुठ्ठ्यावरच बाद केलं. हा उद्योग कुणीही करावा असा आहे, हसतील लोक, हसू देत.

आता ते ६ इंच कुठे गेले ते. कमोड भिंतीला टांगलेला घ्यायचा म्हणजे जागा वाचते, असं मी सगळीकडे ऐकलं होतं. काकांना सांगितलं तर ते मान हलवत राहिले, मग टेप काढली. "ताई, हे जुनं तुमचं, मागच्या टाकीसकट भिंतीपासून २८ इंच. टांगता कमोड २१ इंच. बरोबर? ७ इंच वाचले म्हणताय तुम्ही. पण त्याची टाकी कुठे बसणार? भिंत ४ इंची आहे, तिच्यात टाकी मावत नाही, फ्रेम पुढे घेऊन खोटी भिंत बांधावी लागते, तिचे ६ इंच. २१ आणि ६ किती?"

२७. म्हणजे वाचला तो १ इंच.

मी म्हटलं मग राहू दे. आणि इथेच काका, ज्यांनी मला आत्ताच गणितात पाडलं होतं, ते म्हणाले करा, पण इंचासाठी नका करू, जमिनीसाठी करा. मला कळेना. मग त्यांनी जुन्या कमोडच्या पायाभोवती आणि बेसिनच्या खांबाभोवती बोट फिरवून दाखवलं की बघा, डोळा दारातून निघतो तो इथे अडतो, मग इथे अडतो, मग उंबऱ्याला अडतो, मग पडद्याला. फरशी भिंतीपर्यंत गेलेली दिसतच नाही कुठे. खोली केवढी आहे हे माणूस भिंतीवरून नाही ठरवत, फरशी कुठवर दिसते त्यावरून ठरवतो.

मग पुढे सगळा प्रकल्प या एका वाक्यावर चालला. फरशी अडवायची नाही. कमोड टांगता, बेसिन टांगतं, त्याखाली एक खण तोही टांगता, उंबरा काढायचा, पडदा काढायचा. इंच गेले तर गेले.

खोटी भिंत फक्त कमोडमागे बांधली असती तर तिथे एक ठोकळा पुढे आलेला दिसला असता. म्हणून ती दारापासून खिडकीपर्यंत सलग, पूर्ण साडेसहा फूट घेतली, पण उंची फक्त ४ फुटांच्या आतबाहेर. म्हणजे जमिनीवरचे सव्वातीन चौरस फूट मी स्वतःहून देऊन टाकले, घरचे मला वेड्यात काढत होते. पण छातीच्या वर खोली तेवढीच रुंद राहिली, खांदे आणि वर उचललेली कोपरं जिथे फिरतात तिथे काही गेलं नाही, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर ६ इंचांचा एक सलग कट्टा मिळाला. पाइप सगळे तिच्या पोटात. शॉवरच्या बाजूला त्याच भिंतीत कोनाडा केला, साबण आणि शाम्पूसाठी. हा कोनाडा मी आधी दुसऱ्या भिंतीत मागत होते, ती ४ इंची, कोरली असती तर पलीकडच्या खोलीतून हात घालून साबण घेता आला असता. कोनाड्याचा तळ किंचित बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा हं, नाहीतर साबणाखाली कायम चिखल.

आईंना दोन शंका होत्या. एक, हा टांगता कमोड माझ्यासकट खाली येईल. तर ती लोखंडी फ्रेम खाली स्लॅबला आणि मागे विटेच्या भिंतीला बोल्टने आवळतात, वजन कमोडवर नाही, फ्रेमवर येतं, आणि ती ४०० किलोला तपासलेली असते. तरी आई पहिले दोन दिवस एक हात बेसिनवर ठेवूनच बसल्या. दुसरी शंका टाकी बिघडली तर भिंत फोडायची का, ही रास्त होती, मलाही तीच भीती होती. पण फ्लशच्या बटणाची जी पट्टी असते ती निघते आणि तिच्यामागच्या भोकातून आतलं सगळं बाहेर काढता येतं. काकांनी भिंत बंद करायच्या आधी आम्हा दोघींना समोर बसवून एकदा काढून परत लावून दाखवलं. बसवणाऱ्याला हे करून दाखवायला सांगाच.

तोडफोडीच्या आदल्या दिवशी आतलं सगळं सामान बाहेर एका चादरीवर मांडलं. मोजलं. ४७ वस्तू! २९ चौरस फुटांत. त्यातल्या रोज लागणाऱ्या १४. शाम्पूच्या ५ बाटल्या, त्यातल्या ३ रिकाम्या पण "थोडं पाणी घालून अजून एकदा होईल" अशा. दात नसलेला कंगवा. दोन झाकणं, ज्यांच्या बाटल्या सापडल्या नाहीत. एक टूथब्रश नळ घासायचा, एक टूथब्रश टाइल्स घासायचा, आणि एक ज्याबद्दल कुणालाच आठवेना की तो दातांचा की नळाचा, तो ताबडतोब फेकला.

माळा काढायचा यावर मात्र घरात युद्ध झालं. माळ्यावर काय होतं तर कुणी न उघडलेली खोकी. पण माळा म्हटला की प्रत्येकाला वाटतं लागेल. शेवटी नवऱ्याने स्वतः चढून एक खोकं उघडलं, त्यात दुसरं रिकामं खोकं होतं. माळा गेला. ७ फुटांचं छत साडेनऊवर गेलं आणि फक्त तेवढ्यानेच, अजून जुन्या टाइल्स, जुना कमोड सगळं तसंच असताना, आवाज बदलला आत. बोललं की जरा घुमायला लागलं. मला वाटतं या अख्ख्या कामात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असं विचारलं तर मी माळाच सांगेन, दारसुद्धा त्याच्या खाली.

टाइल्स. छोट्या खोलीला छोट्या टाइल्स हा माझा समज अगदी पक्का होता. पण जुन्या टाइल्स ८ बाय १२ इंचांच्या, म्हणजे जिथे बघावं तिथे चौकटी, वहीच्या पानासारखी भिंत, आणि मध्ये ती निळी फुलांची बॉर्डर जी भिंतीचे आडवे दोन तुकडे करते. उंची आधीच कमी, त्यात अर्ध्यावर पट्टा. आम्ही घेतल्या ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या, उभ्या लावल्या. एक टाइल उभी केली की बरोबर खोट्या भिंतीची उंची, कापाकापी नाही, आडवा सांधा नाही. खरं सांगायचं तर भिंतीची उंचीच टाइलवरून ठरवली, उलटं नाही.

रंगासाठी मी दुकानात चकाचक पांढरा ठरवून आले होते. सुदैवाने नमुन्याची टाइल घरी आणली आणि आठवडाभर आत भिंतीला टेकवून ठेवली. दुकानातल्या झगमगाटात जो पांढरा दिसत होता तो आमच्या उजेडात निळसर, दवाखान्यासारखा, आणि एक केस पडला तरी दारातून दिसणार. मग वाळूसारखा फिका रंग घेतला, भिंतीला साधी तुकतुकीत आणि जमिनीला त्याच रंगातली खरखरीत, पाय न घसरणारी. जमीन, भिंत, कट्टा, सगळं एकाच रंगात. छतालाही त्याच्याच जवळचा रंग. सांध्यात भरतात ते ग्राउटसुद्धा टाइलच्या रंगाचं आणि सांधा २ मिलिमीटरचा, म्हणजे चौकटी दिसतच नाहीत. नवरा म्हणाला कंटाळवाणं होईल, एक भिंत तरी हायलायटर टाइल्सची करू. थोडं कंटाळवाणं झालंय हे खरंय. पण कोपरे कुठे संपतात ते डोळ्याला चटकन कळत नाही आणि मला नेमकं तेच हवं होतं.

मोठ्या टाइलचा एक त्रास कुणी आधी सांगत नाही, तो म्हणजे उतार. जुनी न्हाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी जायच्या भोकावरची, गोल जाळी शॉवरच्या मधोमध होती, म्हणजे चारही बाजूंनी उतार मध्ये यायला हवा, आणि मोठी टाइल चार बाजूंना वाकत नाही, ती तिरकी कापून पाकिटासारखी लावावी लागते, झाल्या परत रेघा. त्याऐवजी खिडकीच्या भिंतीलगत लांबट जाळी बसवली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यामुळे उतार एकाच दिशेला. शॉवरमध्ये फुटाला पाव इंच, बाहेरच्या भागात त्याहून बराच कमी. उंबरा नाही तर पाणी बाहेर येईल ही भीती होती, पण उतार नीट असला तर पाण्याला दुसरं काही सुचत नाही.

नीट असला तर. टाइल्स लावून झाल्या, मी म्हटलं पातळी बघितलीत ना, काका म्हणाले, "पाण्यालाच विचारा की." आणि मगभर पाणी दारापाशी ओतलं. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. पाणी निघालं, बेसिनखालून गेलं, कमोडखालून गेलं, आणि तिथे तळहाताएवढं थांबलं. बाकी सगळं जाळीत गेलं, एवढं थबकलेलं तसंच. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. बोटाने ते पाणी पुढे ढकललं, ते परत आलं. मग स्वतःच छिन्नी आणली आणि ती एक टाइल फोडली. मी काही म्हणायच्या आधी. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

वॉटरप्रूफिंगचं लांबण लावत नाही, फक्त एवढंच की दोन हात उभे आडवे मारून, शॉवरच्या भिंतींना ६ फुटांपर्यंत चढवून, मग जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून आलो. दोन दिवस कामाला खाडा होतो म्हणून लोक हे टाळतात. टाळू नका.

आता माझी चूक. पडद्याऐवजी काच लावायची होती, दार बिर नाही, एकच अचल काच, ८ मिलिमीटरची टफन्ड, डावीकडून पुढे आलेली आणि उजवीकडे २२ इंच जायला मोकळे. या काचेला खोट्या भिंतीच्या कट्ट्यापाशी खाच लागते, म्हणजे खाली अरुंद, वर ६ इंच जास्त रुंद, एल उलटा धरावा तशी. काचवाला माप घ्यायला आला तेव्हा भिंती बांधून झाल्या होत्या पण टाइल्स लागायच्या होत्या. तो म्हणाला टाइल्सचं धरून कमी करतो माप. मला घाई, मी म्हटलं करा. टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, घासताही येत नाही, प्रयत्न केला तर अख्खी काच बारीक तुकडे होऊन खाली येते. जे काय कापायचं, भोकं पाडायची, खाच घ्यायची ते आधीच. हे मला माहीत होतं! तरी. टाइल्स लागल्या, त्यावर कट्ट्याला दगडाची पट्टी लागली जी तेव्हा ठरलीच नव्हती, आणि काच आली ती खाचेपाशी बोटभर अडली. दोन माणसं ती उचलून इकडून बसवतायत, तिकडून बसवतायत, मी दारात उभी, आणि सगळ्यांना कळलेलं पण कुणी म्हणत नव्हतं.

दुसरी काच यायला १२ दिवस. तोवर तोच जुना पडदा दोरीला टांगून आंघोळी. पहिली काच अजून गॅलरीत उभी आहे, त्या आकाराचा उपयोग जगात कुठेही नाही. कुणाला सुचला तर सांगा.

काच लागल्यावर मात्र दोन गोष्टी झाल्या. दारातून थेट खिडकीची भिंत दिसायला लागली, म्हणजे आधी जी खोली पडद्यापाशी संपायची ती एकदम अडीच फूट पुढे गेली. आणि आंघोळीनंतर रोज काच पुसायचं काम घरात नवीन आलं. पाणी जड असेल तर दोन दिवसांत पांढरे ठिपके धरतात. एक छोटा रबरी वायपर कोनाड्यात ठेवलाय, शेवटी आंघोळ करणाऱ्याने पुसायचं असा नियम, म्हणून सगळे घाईघाईने आधी आंघोळ करतात, हा अनपेक्षित फायदा.

आरसा. माझ्या यादीत डोक्याएवढा गोल आरसा होता. लावला तो कट्ट्यापासून वर साडेतीन फूट उंच आणि दारापासून काचेपर्यंत सलग ४ फूट. भिंतीत खोबण ठेवून टाइलच्या पातळीत बसवला, फ्रेम नाही, कारण फ्रेम आली की आरसा वस्तू होतो, फ्रेम नसली की तो पलीकडची खोली होतो. समोरची उजवी भिंत त्यात दिसते, जिच्यावर मुद्दाम काही टांगलेलं नाही, फक्त आईंसाठी धरायची दांडी. नवऱ्याची काळजी होती की बसल्यावर समोर स्वतःचंच तोंड दिसेल, पण आरसा कमोडच्या मागे येतो, त्यामुळे वाचला. आरसा चिकटवताना एक कळलं ते लक्षात ठेवा, ज्या सिलिकॉनला आंबूस वास येतो ते आरशाला वापरायचं नाही, त्यातलं आम्ल मागचा चांदीचा थर खातं आणि कडांना काळे डाग येतात. न्यूट्रल सिलिकॉन मागायचं. जुन्या आरशाच्या कडा काळ्या का होत्या याचा मला तेव्हा उलगडा झाला, मी आपली वाफेला दोष देत होते.

ती धरायची दांडी उजव्या भिंतीला, ३४ इंचांवर, विटेच्या भिंतीत. आईंनी टॉवेलची दांडी धरायची सवय लावून घेतली होती, टॉवेलची दांडी माणसाच्या वजनासाठी नसतेच. उलटं चालतं, धरायच्या दांडीवर टॉवेल टाकता येतो, म्हणून टॉवेलची वेगळी दांडी लावलीच नाही. एक वस्तू कमी.

उजेडाचं गणित मी शेवटी केलं आणि ते आधी करायला हवं होतं, कारण वायरी भिंतीत जातात. दारावरचा एक बल्ब म्हणजे आपलीच सावली आपल्यापुढे आणि लांबचा कोपरा अंधारात, आणि अंधारातला कोपरा डोळा धरतच नाही, तिथेच खोली संपली समजतो. आता खिडकीच्या भिंतीला छतालगत एक पट्टी दिवा, जो भिंतीवरून खाली उजेड सोडतो, आणि आरशाच्या दोन टोकांना तोंडाच्या उंचीवर एकेक. सगळे ४००० केल्विनचे, ना पिवळे ना निळे. शॉवरजवळचा दिवा निदान आयपी ४४ तरी हवा, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी आत जात नाही. रात्री सगळ्यात लांबची भिंत सगळ्यात उजळ असते. आत पाऊल टाकलं की डोळा सरळ तिकडेच जातो. खिडकीचा पिवळा कागद खरवडायला मला दीड तास लागला, आता तिथे दुधी काच.

एक्झॉस्ट फॅनचा आणि मोठं वाटण्याचा काय संबंध असं मला वाटायचं. आहे. वाफ कोंडलेली, आरसा धुरकट, भिंती घामेजलेल्या, अशी खोली केवढीही असो ती अंगावर येते. आमची जागा आता छतापर्यंत धरून २६५ घनफुटांच्या आसपास, तासाला ८ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ३५ ते ३६ घनफूट लागतात, त्यामुळे ५० चा पंखा भरपूर झाला. दाराखाली अर्धा इंच फट ठेवली, कारण हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

एक गोष्ट फसलीये ती सांगून टाकते. ग्राउट एपॉक्सीचं भरलं, डाग धरत नाही म्हणून. ते लवकर आवळतं आणि टाइलवर सांडलेलं वेळेत पुसावं लागतं. कमोडच्या वरच्या भागात पुसायला उशीर झाला, तिथे एक धुरकट पट्टा राहिलाय, कशानेही जात नाही, दुपारी खिडकीतून ऊन आलं की बरोबर दिसतो. मला सोडून कुणालाही दिसत नाही म्हणतात. मला दिसतो.

पहिल्या दिवशी आई आंघोळ करून बाहेर आल्या, मी विचारलं कसं वाटलं. त्या जरा वेळ केस पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोपर लागलं नाही गं कुठे." नंतर म्हणाल्या, तो कट्टा चांगलाय, वस्तू ठेवायला.

कट्टा रिकामा ठेवायचा असं ठरलं होतं, लिहून दारामागे चिकटवलंय. काल सकाळी मोजल्या, ७ बाटल्या. त्यातल्या २ रिकाम्या.